बंद खोलीत पंखा चालू आहे: थ्रिलरची पहिली दोन मिनिटं

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न साधारण असा असतो: "कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी थ्रिलर शॉर्ट फिल्म करतोय. गोष्ट तयार आहे, पण सुरुवात जमत नाही. पहिल्या दोन मिनिटांत काय दाखवावं?" सोबत बहुतेक वेळा शॉट्सची यादी असते: ड्रोन, स्लो मोशन, हुडी घातलेला माणूस, वाजणारा अलार्म, बेसिनवर तोंड धुताना आरशात दिसणारा चेहरा.

शॉट्सचं नंतर बघू. आधी दोन वाक्यं कागदावर लिहा. पहिलं, दुसरं मिनिट संपताना प्रेक्षकाच्या मनात कोणता प्रश्न असेल. दुसरं, तो प्रश्न पडण्यासाठी त्याला आधी काय ठाऊक असलं पाहिजे. विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये पहिलं वाक्य बहुतेक वेळा सापडतं, दुसरं विसरलेलं असतं. मग पडद्यावर भीतीचं वातावरण असतं, पण भीती कशाची ते कळत नाही.

एक उदाहरण घेऊन चालू. शिकायला शहरात आलेली एक मुलगी जुन्या इमारतीत एकटी राहते. रात्री परत येते, कुलूप जसंच्या तसं आहे, आणि आत पंखा चालू आहे. प्रश्न: बाहेरून कुलूप असताना आत कोण? एक पात्र, एक खोली, एक जिना, संवाद शून्य. विद्यार्थ्यांच्या बजेटमध्ये हे सहज बसतं.

आता दुसरं वाक्य. पंखा तिने सकाळी बंद केला होता हे प्रेक्षकाने पाहिलेलं हवं. नुसतं बटणावर बोट दाखवून भागत नाही. आपल्याकडे प्रत्येकाला पहिली शंका हीच येणार की लाइट गेली असेल, ही बटण बंद करायला विसरली, आणि मागाहून लाइट आल्यावर पंखा सुरू झाला. म्हणून चालू पंखा, बंद होणारं बटण, मंदावत थांबणारी पाती हे सगळं एकाच शॉटमध्ये दिसू द्या. पूर्ण वेगातला पंखा थांबायला बराच वेळ घेतो, त्यामुळे रेग्युलेटर आधीच एकवर ठेवा. दरवाजाला नाइट लॅच नको, कारण तो आतूनही उघडतो. कडी-कोयंडा आणि बाहेरून लावलेलं कुलूप हवं. खिडकीला ग्रिल आहे हेही सकाळच्या एखाद्या शॉटच्या मागच्या बाजूला दिसून जाऊ दे. अशा तीन पळवाटा बुजवल्या की मगच तुमचा प्रश्न प्रेक्षकाचा होतो.

पुढचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा: आधी कुणाला कळणार, प्रेक्षकाला की तिला? दार उघडल्यावर दोघांना एकदम कळलं तर धक्का बसतो आणि तो दोन सेकंदांत विरतो. त्याऐवजी ती पर्समध्ये चावी शोधत असताना दारापलीकडून पंख्याची घरघर आपल्याला ऐकू येऊ द्या. तिच्या कानांत हेडफोन आहेत. आता ती चावी शोधते ती पंधरा सेकंद तुमची आहेत. हेडफोन मात्र जिन्यातच दाखवलेले हवेत. दारापाशी अचानक उगवले तर सोय म्हणून आणलेले दिसतात.

वेळेची वाटणी साधारण अशी: सकाळ 20 सेकंद, रात्रीचा जिना 50, दाराबाहेर 35, कुलूप आणि दार 15. जिन्याला इतका वेळ का, असं वाटेल. तिथे तिचा थकवा, हेडफोन, इमारतीत बाकी कुणी जागं नसणं, एवढं सगळं सांगायचं असतं, आणि श्रेयनामावलीतली नावंही तिथेच येतात. फिल्म दहा-बारा मिनिटांची असेल तर सुरुवात दोन मिनिटांपुढे नेऊ नका.

आता स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचं आधीच काढलेलं चित्र. चित्रकला येत नसेल तर लोकेशनवर जाऊन एखाद्या मैत्रिणीला जिन्यात उभी करा आणि प्रत्येक शॉटचा मोबाइलवर फोटो काढा. ते फोटो एडिटिंग अ‍ॅपच्या टाइमलाइनवर ठरलेल्या लांबीने लावा, खाली तात्पुरता आवाज टाका: पावलं, चावी, पंखा. शूटिंगच्या आधीच दोन मिनिटांची कच्ची फिल्म हातात येते. कागदावर दोन मिनिटांचं वाटलेलं प्रकरण इथे सहज तीनच्या पुढे जातं. काटछाट इथे फुकटात होते, शूटिंगनंतर केली की कुणाची तरी रात्र वाया जाते.

फोटो काढताना दोन गोष्टी पक्क्या करा. एक, दिशा. जिना चढताना ती फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे जात असेल तर दारापर्यंत तीच दिशा ठेवा. जिन्याचं वळण आलं की दिशा आपोआप उलटते. तेव्हा वळणावर एक शॉट समोरून किंवा पाठीमागून घ्या, म्हणजे ती खाली उतरतेय असं वाटणार नाही. दुसरी, दाराची बिजागरी कोणत्या बाजूला आहे. खोलीच्या आत कॅमेरा बिजागरीच्या बाजूला ठेवलात तर उघडणारं दार तिचा चेहरा झाकतं. कडीच्या बाजूला ठेवलात तर फट पडताच चेहरा दिसतो. दोन्ही उपयोगाचे, पण परिणाम अगदी वेगळे. कोणता हवा ते शूटिंगच्या रात्री ठरवायला बसू नका.

कॅमेऱ्याबद्दल थोडंच. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. फोन मुळात सेकंदाला 30 फ्रेमवर असतो आणि शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) 1/60 सेकंदावर गेलं की भिंतीवर काळे पट्टे सरकायला लागतात. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवा, पट्टे जातात. त्यासाठी ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं मोफत अ‍ॅप पुरतं. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक करा, नाहीतर दार उघडताच चित्र आपोआप उजळेल.

पंख्याची गंमत वेगळी आहे. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 350 फेरे घेत असेल तर एका जागेवरून सेकंदाला साडेसतरा पाती जातात. 25 फ्रेमवर प्रत्येक फ्रेममध्ये पातं पुढच्या पात्यापर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त सरकलेलं असतं, आणि डोळ्याला पंखा उलटा फिरताना दिसू लागतो. 250 फेऱ्यांच्या खाली हे होत नाही. म्हणून शेवटच्या शॉटलाही रेग्युलेटर कमीच. मंद पंखा दिसायलाही जास्त अस्वस्थ करतो. दिवा पात्यांच्या वर लावता आला तर भिंतीवर सावल्या फिरतात, आणि पंखा फ्रेममध्ये न घेताही तो चालू आहे हे कळतं.

रात्र म्हणजे अंधार नव्हे. सगळी फ्रेम काळी ठेवून एडिटमध्ये उजळायला गेलात की दाणे उसळतात. फ्रेममध्ये एक तरी उजळ जागा हवी: जिन्यातला बल्ब, दाराखालची फट. चेहरा त्याच्यापेक्षा काळोखात ठेवा, पण डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. प्रकाश परतवायला एक थर्माकोलची शीट आणि एक लहान एलईडी एवढ्यावर जिना उभा राहतो.

शॉट साधारण 22 होतील, पण कॅमेऱ्याच्या जागा 9. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने नव्हे, जागेच्या क्रमाने. एका जागेवरून घ्यायचे सगळे शॉट संपवा, मग ट्रायपॉड हलवा. नवख्या टीमला एक जागा बदलायला, लाइट लावायला आणि टेक घ्यायला पाऊण तास धरा, म्हणजे पावणेसात तास. दुपारी तीनला सुरू करून दिवसाच्या तीन जागा उजेडात संपवा, अंधार पडल्यावर उरलेल्या सहा. सोसायटीच्या सेक्रेटरींची लेखी परवानगी आणि कॉलेजचं पत्र खिशात ठेवा. गोष्टीत चाकू किंवा खोटी बंदूक असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कळवा.

आवाजावर मात्र मी हटून बसेन. आपल्या सुरुवातीत भीती पंख्याच्या आवाजात आहे, चित्रात नाही. पंखा फ्रेममध्ये नसेल ते शॉट घेताना तो बंद ठेवा आणि त्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा, तीन ठिकाणांहून: खोलीच्या आत, बंद दाराबाहेर, आणि दार हळूहळू उघडताना उंबऱ्यावर. आतला आवाज सॉफ्टवेअरमध्ये बोथट करून 'दारापलीकडचा' करण्यापेक्षा खरा दारापलीकडचा कितीतरी चांगला लागतो. रेकॉर्डिंगचं सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास. पावलं, चावी, कुलूप, कडी हे सगळं वेगवेगळं. शेवटी सगळ्यांनी जागच्या जागी थांबून एक मिनिट नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. दोन शॉट जोडताना तीच उपयोगी पडते. फ्रिज बंद करा, आणि बंद करताना स्वतःच्या गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे घरी जाताना तो उघडावाच लागतो आणि चालू करायची आठवण होते. ध्वनिमुद्रकांची ही जुनी युक्ती आहे.

पार्श्वसंगीत? तयार संगीताच्या लायब्ररीतली एकसुरी घुमणारी धून पहिल्या सेकंदापासून लावली तर पंखा कुणालाच ऐकू येणार नाही. इथे अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 1958च्या 'टच ऑफ ईव्हिल'चं उदाहरण मोलाचं आहे. सुरुवातीला एक माणूस टाइमबॉम्ब लावून मोटारीच्या डिकीत ठेवतो, आणि तीन मिनिटांहून लांब अशा एकाच अखंड शॉटमध्ये ती मोटार गर्दीतून सरहद्दीकडे जाते. स्टुडिओने त्या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं. वेल्सने 1957 साली आपल्या हरकतींची 58 पानी टिपणी लिहिली होती. तिच्या आधारे संपादक वॉल्टर मर्चने 1998 साली फिल्म पुन्हा संपादित केली, तेव्हा सुरुवातीची नावं काढली, आणि संगीताच्या जागी रस्त्यावरच्या दुकानांतून आणि मोटारीच्या रेडिओतून येणारं गाणं-बजावणं ठेवलं. दोन्ही रूपं लागोपाठ पाहा. दुसऱ्यात ती मोटार कुठे आहे हे कानांनी शोधावं लागतं. तुमचा पंखा असाच शोधला गेला पाहिजे.

म्हणून नावं जिन्यातच संपवा, दाराशी एकही नको. प्रत्येक नाव मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर राहू द्या. त्यासाठी फ्रेममध्ये रिकामी भिंत स्टोरीबोर्डपासूनच राखून ठेवा, कडेपासून दहा टक्के आत. देवनागरीसाठी फार बारीक फॉन्ट घेऊ नका. लहान पडद्यावर शिरोरेषा तुटते आणि अनुस्वार दिसेनासा होतो. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर सेटिंग्जमध्ये साऊथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडा. फिल्मचं नाव दार उघडल्यावर, काळ्या पडद्यावर.

'सहा तासांपूर्वी' अशी पाटी टाकून शेवटचा मारामारीचा तुकडा आधी दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. दिग्दर्शकाचा स्वतःच्या सुरुवातीवर विश्वास नसला की बहुधा असं होतं. सुरुवात दुरुस्त करा, पाटी लागणार नाही.

पहिला कट तयार झाला की स्क्रिप्ट न वाचलेल्या तिघांना एकेकट्याने दाखवा आणि दोनच प्रश्न विचारा: काय घडलं, आणि आता काय होईल? "भारी आहे, भीती वाटली" हे उत्तर धरू नका. "आत कोणीतरी आहे" असं तिघांनीही म्हटलं तर काम झालं. एकानेही "पंखा चालूच राहिला असेल" म्हटलं तर रात्रीच्या भागाला हात लावू नका. दोष सकाळच्या बटणाच्या शॉटमध्ये आहे, तेवढाच पुन्हा घ्यायचा. त्यासाठी खोलीच्या मालकांकडून पुढच्या आठवड्यातला एक सकाळचा तास आधीच मागून ठेवा, आणि पडदा, टेबल, भिंतीवरचं कॅलेंडर यांचे फोटो शूटिंगच्या दिवशीच काढून ठेवा.