तुम्ही विचारलंत म्हणून: सरावाला मराठीच शब्द का?

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत स्ट्रिंगचा (म्हणजे मजकुराच्या तुकड्याचा) सराव इंग्रजी 'हेलो'वर (hello) भागतो, मग नवशिक्यांपुढे मराठी शब्द कशाला, असं सारखं विचारलं जातं. वर, उगाच घोळ घालता, असंही ऐकवतात.

'हेलो'ची लांबी स्ट्रलेन हे फंक्शन ५ सांगतं आणि 'मराठी'ची १५. स्ट्रलेन बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं. एमबी_स्ट्रलेन सुटी चिन्हं मोजून ५ देतं: म, र, काना, ठ, वेलांटी. ग्राफीम_स्ट्रलेन ग्राफीम, म्हणजे डोळ्यांना दिसणारी अक्षरं, मोजून ३ देतं: म, रा, ठी. 'हेलो'वर तिन्ही फंक्शनं ५ म्हणतात, त्यामुळे फरक शिकायचाच राहून जातो.

खरी चीड येते ती आरट्रिममुळे, म्हणजे स्ट्रिंगचं उजवं टोक छाटणाऱ्या फंक्शनमुळे. ओळीच्या शेवटचा दंड काढायचा म्हणून फंक्शनला दुसऱ्या जागी (काय छाटायचं ते सांगायच्या जागी) '।' दिला. 'पाऊस येतो।' दिलं, 'पाऊस येतो' मिळालं, सगळे खूश. मग 'पक्षी गातात।' दिलं आणि हाती आलं 'पक्षी गाता'. त गेला! आरट्रिमला दंड हे एक चिन्ह म्हणून कळतच नाही. त्याच्या लेखी ते तीन सुटे बाइट आहेत: २२४, १६५, १६४. उजवीकडून यांपैकी जो भेटेल तो काढत जायचं. त म्हणजे २२४, १६४, १६४. तिन्ही यादीतले, म्हणून अख्खा त साफ. आधीच्या कान्याचा शेवटचा बाइट १९०, तो यादीत नाही, तिथे थांबलं. थ-चीही हीच गत: 'रथ।'चा 'र' होतो. ना वॉर्निंग, ना एरर. उरलेली स्ट्रिंग वैध यूटीएफ-८, म्हणून ती वैधता तपासणारं एमबी_चेक_एन्कोडिंगही पास करतं. आरट्रिमऐवजी दोन्ही टोकं छाटणारं ट्रिम वापरलं तर पहिल्या अक्षराचेही बाइट उडतात. निदान तेव्हा उरलेली स्ट्रिंग वैध नसते, म्हणून तिचं जेसन बनवणारं जेसन_एन्कोड फॉल्स (म्हणजे 'नाही') देतं आणि चोरी पकडली जाते.

पीएचपी ८.४ पासून बाइटांऐवजी अख्खी चिन्हं पाहणारं एमबी_आरट्रिम आहे, ते वापरा. त्याआधीच्या आवृत्तीत पॅटर्न शोधून बदलणारं प्रेग_रिप्लेस, पॅटर्नच्या शेवटी यू (u) लावून.

'आधी इंग्रजीवर हात बसू दे' हे मीही सांगत असे, आणि ते अगदीच चूक होतं असं आजही म्हणवत नाही. स्ट्रिंगमध्ये शब्द कुठे आहे ते सांगणारं स्ट्रपॉस, तो पहिल्याच जागी सापडला तर ० देतं, न सापडला तर फॉल्स. तीन बरोबरच्या चिन्हांनी (===) तपासलं नाही की ० आणि फॉल्स सारखेच वाटून फसगत. ती चूक कुठल्याही भाषेत होते, शिकवायला 'हेलो' पुरतो. पण तिथेच थांबलेला माणूस पुढे खऱ्या मजकुरातले त खातो, त्याचं काय?

आणि 'स्त्री' किती अक्षरी? बाइट १८, चिन्हं ६. ग्राफीमच्या जुन्या नियमानं ३, युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांचं मानक) १५.१ च्या नियमानं १. हे पहिल्या दिवशी सांगावं की महिन्यानं, माझं अजून ठरत नाही.