खडीला वळसा घालणारी भेग आणि संगणकातले काँक्रीट

आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात काँक्रीटला काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, खडी वापरतात. त्या काँक्रीटचा १५० मिलिमीटर बाजूचा चाचणीचा ठोकळा, म्हणजे क्यूब, २८ दिवसांनी मशिनवर फोडला की मी त्याचे तुकडे आवर्जून हातात घेऊन पाहतो. नेहमीच्या ताकदीच्या (ग्रेडच्या) काँक्रीटमध्ये भेग सहसा खडी चिरत नाही, तिच्या कडेने वळसा घेत जाते, आणि खडी निखळलेल्या जागी तिचा स्वच्छ ठसा उरतो. कारण खडीला लागून असलेला सिमेंटचा साधारण २० ते ५० मायक्रोमीटर जाडीचा थर अधिक सच्छिद्र आणि म्हणून कमकुवत असतो.

पूल मीटरमध्ये मोजायचा आणि त्याचा कमकुवतपणा मायक्रोमीटरमध्ये, ही खरी अडचण आहे. अख्खा पूल खडीनिशी संगणकात उभा करणे शक्य नसल्याने खडी, मॉर्टर (सिमेंट-वाळूचे मिश्रण) आणि पोकळ्या असलेल्या लहान नमुन्याचे गणित करून त्याची सरासरी वागणूक मोठ्या मॉडेलला पुरवतात. भेग पडेपर्यंत ही सरासरी उत्तम चालते. भेग पडली, की सगळे ताणणे एका अरुंद पट्ट्यात गोळा होते आणि बाकीचा भाग सैलावतो. मग नमुना मोठा घेतला तर तेच काँक्रीट अधिक ठिसूळ दिसते, आणि मोठ्या मॉडेलची जाळी (गणितासाठी त्याचे पाडलेले लहान तुकडे) बारीक केली तर भेगेत खर्च होणारी ऊर्जा शून्याकडे घसरते, जे निसर्गात घडत नाही. नवा पृष्ठभाग तयार व्हायला ऊर्जा लागतेच, हे अभियंता ग्रिफिथ यांनी काचेवरच्या अभ्यासातून १९२१ मध्येच मांडले होते. बाझांत आणि ओह या संशोधकांनी १९८३ मध्ये भेगेला ठरावीक रुंदीचा पट्टा मानून, भेगेच्या दर चौरस मीटरला लागणारी ऊर्जा, म्हणजे भंग-ऊर्जा, कायम राखण्याचा मार्ग दिला. जाळी बदलून पाहिल्याशिवाय दाखवलेल्या मॉडेलच्या रंगीत चित्रांवर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही.

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, ताज्या स्लॅबमधले पाणी भराभर उडते आणि भार येण्याआधीच बारीक तडे पडतात. मॉडेलची सुरुवात या तड्यांसह व्हायला हवी. शिवाय दुसरीकडच्या खडीवर मोजलेली भंग-ऊर्जा आपल्या बेसाल्टला जशीच्या तशी लावणे मला पटत नाही. धुळे-जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना हे मोजमाप करता येईल: बीमच्या खालच्या बाजूस मध्यभागी खाच पाडायची, तो सावकाश वाकवत तुटेपर्यंत भार आणि वाक नोंदवायचा, बीमच्या स्वतःच्या वजनाचा वाटा धरायचा, आणि भार-वाक आलेखाखालच्या ऊर्जेला खाचेवरच्या शाबूत छेदाच्या क्षेत्रफळाने भागायचे.