बॅटची आंघोळ

टेबल टेनिस खेळणारा माणूस बॅटवर फुंकर मारतो, तळव्याने ती पुसतो आणि मग सर्व्हिस करतो. दोन-तीन पॉइंट झाले की पुन्हा फुंकर, पुन्हा पुसणं. हरणारा जरा जास्तच पुसतो. फोरहँड नेटमध्ये अडकला की आधी बॅटकडे रोखून बघायचं, ही या खेळातली जुनी रीत आहे. बॅडमिंटनवाले बोटांनी तारा सरळ करत बसतात, आम्ही बॅटच्या लाकडावर चिकटवलेलं रबर चोळतो.

गंमत म्हणजे तळव्याने पुसून रबर स्वच्छ होतच नाही. हाताचा घाम आणि तेलकटपणा त्यावर पसरतो आणि पुढच्या धुळीची सोय होते. फुंकरीची वाफ दोन पॉइंट पुरते, बस.

तरी तक्रार अगदीच खोटी नसते. नेहमीच्या बॅटवर रबर आणि लाकूड यांच्या मधे स्पंज असतो; रबराचे दाणे आत, स्पंजाच्या बाजूला असतात आणि गुळगुळीत बाजू बाहेर. चेंडू क्षणभर त्या पृष्ठभागाला धरतो, तेवढ्यात वर जाणारी बॅट त्याला फिरवते. स्पिन म्हणतात तो एवढाच. मधे धुळीचा थर आला की चेंडू धरायच्या ऐवजी घसरतो आणि आपण जीव खाऊन मारलेला टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरत जाणारा चेंडू, समोरच्याला लॉलीपॉप होऊन मिळतो. पावसाळ्यात तर धुळीचीही गरज नसते. मुंबईची जुलैमधली दमट हवाच रबरावर ओल धरते.

धुळीचा उगम शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या क्लबहाउसमधला चेंडू दर गेमला एकदा तरी लोखंडी कपाटाखाली जातो, कोळिष्टक लेवून बाहेर येतो आणि तसाच खेळात पडतो. फरशीवर जे असेल ते चेंडूवर, चेंडूवरचं बॅटवर. शिवाय पंख्याचं भांडण आहेच. पंखा बंद ठेवला तर घाम हातावरून ओघळत बॅटपर्यंत जातो, लावला तर सर्व्हिसला उडवलेला चेंडू वाकडा जातो. या प्रश्नावर अनेक मीटिंगा झाल्या आहेत आणि पुढेही होतील.

घरी बॅट काढून ‘ही जरा साफ करायची आहे’ एवढं म्हटलं की प्रत्येकाकडे औषध तयार. आईचा भरवसा रिठ्यावर, कारण तिच्या रेशमी साड्या त्यानेच टिकल्या. बाबा कापसाचा बोळा आणि स्पिरिटची बाटली घेऊन येतात. टेपरेकॉर्डरचं हेड त्यांनी वर्षानुवर्षं असंच पुसलं. पुतण्या वेट वाइप्सचं पाकीट पुढे करतो. नेलपॉलिश रिमूव्हर आणि पितळी भांडी घासायची पावडर ही नावंही एकदा घेऊन झाली आहेत. रिठा त्यातल्या त्यात निरुपद्रवी. स्पिरिटने रबर कोरडं पडतं, पावडरीने चरे पडतात, बाळाची त्वचा मऊ राहावी म्हणून वाइप्समध्ये घातलेलं द्रव्य रबरावर बुळबुळीत थर सोडतं. रिमूव्हरबद्दल बोलायलाच नको.

लागतं ते फार थोडं. वाटीभर साधं पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. थेंब म्हणजे थेंबच. फेस आला की धुण्यापेक्षा फेस काढण्यातच वेळ जातो. भांड्यांचा नवा स्पंज घ्यायचा, त्याची हिरवी खरखरीत बाजू विसरून जायची, मऊ बाजू बुडवून घट्ट पिळायची आणि मुठीकडून टोकाकडे एकाच दिशेने हात फिरवायचा. गोल गोल घासायचं नाही. कडेने पाणी आत शिरलं तर लाकूड फुगतं आणि रबर सुटायला लागतं, म्हणून कडांना हात आवरता. पहिल्याच पट्ट्यात करड्या पडलेल्या रबरातून गर्द लाल रंगाची बोटभर रुंद वाट उघडते. स्पंज उलटून पाहावा तर तो काळा. तर्जनी टेकते तिथला चकचकीत डाग मात्र दोन-तीनदा पुसल्यावर थोडासा हलतो. मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं आणि वर प्लॅस्टिकचा पातळ कागद लावून ठेवायचं.

पूर्वीच्या नुसत्या दाणेदार रबराचे एवढे लाड कुणी केले असतील असं वाटत नाही. हे लाड सुरू व्हायला मुंबईही थोडी जबाबदार आहे. 1952 साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथे भरली. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजाची बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. त्याच्या बॅटचा आवाजच येत नसे आणि आवाजावर चेंडू ओळखणारे भलेभले गोंधळले. स्पंजाचं वेड इतकं पसरलं की 1959 मध्ये नियम करावा लागला: स्पंज, रबर, गोंद मिळून चार मिलिमीटरच्या वर जायचं नाही.

घरगुती जुगाडाची हौसही फक्त आपलीच नाही. 1970च्या दशकात युरोपातल्या खेळाडूंना शोध लागला, की सायकलचं पंक्चर काढायच्या सोल्युशनने रबर चिकटवलं तर स्पंज फुगतो आणि चेंडू सणसणत जातो. मॅचच्या आधी ताजं सोल्युशन लावायचं, खोलीभर वास. तीस-पस्तीस वर्षं हा प्रकार चालला. त्यातली द्रावणं आरोग्याला घातक, म्हणून 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिक आटोपल्यावर असल्या गोंदावर बंदी आली.

आता तेलवाले उरले आहेत. जुन्या रबरावर सूर्यफुलाचं तेल चोळून रात्रभर ठेवलं की सकाळी ते मऊ लागतं, असं सांगणारा प्रत्येक हॉलमध्ये एक तरी भेटतो. लागतं मऊ. रबर तेल पितं आणि फुगतं. पण ते काही दिवसांचं सोंग; पुढे कडा वळतात, गोंद सुटतो आणि पृष्ठभाग असा निसरडा होतो की आधीचं बरं होतं. शिवाय रबरावर रासायनिक वा कसलीही प्रक्रिया करायची नाही असं नियमात स्पष्ट लिहिलंय. सोसायटीच्या स्पर्धेत कुणी तपासत नाही हे खरं, पण मला ते पटत नाही.

धूळ धुता येते, वय नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन रबराला कडक करत असतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅट ठेवणाऱ्याचं काम लवकर होतं. फरक ओळखणं सोपं. धुऊन वाळवलेल्या रबरावर चेंडू बोटाने दाबून ओढायचा. चेंडूबरोबर रबर किंचित ताणलं जात असेल तर अजून खेळायला हरकत नाही. काचेवरून सरकावा तसा सरकला, तर ते लिक्विड भांड्यांसाठी ठेवा आणि दुकान गाठा. चांगल्या रबरांची जोडी काही हजारांत जाते, त्यामुळे दुकानापर्यंत जायच्या आधी माणूस आणखी एकदा धुऊन बघतो.

माझं मागचं रबर लाकडावरून सोलून काढल्यावर आईने त्याचा मधला तुकडा कापून घेतला. स्पंजाची बाजू लावून लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण फिरवलं की ते लगेच सुटतं, असं तिचं म्हणणं आहे. दुसरी बाजू कधी बदलणार, असं तिने परवाच विचारलं.