घणसोलीहून सायकल मागे वळवा

व्हॉट्सॲपवर सायकलच्या वाटेचा एक नकाशा फिरतोय. सीवूड्स ते ठाणे, खाडीच्या काठाने अखंड हिरवी रेघ. दिवाळीनंतरच्या रविवारी पहाटे मी त्या रेघेवर विश्वास ठेवून निघालो. खाली लिहिलंय ते पाय अजून दुखत असताना लिहिलंय, तेव्हा थोडं कडू लागलं तर समजून घ्या.

ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानापासून पाम बीच मार्गाने वाशी, सागर विहार, मिनी सीशोअर. छान. पुढे कोपरखैरणे, तेही बरं. घणसोलीला मात्र पाम बीच मार्ग संपतो, समोर कांदळवन. नकाशातली रेघ इथून सरळ ऐरोलीला जाते, सायकल जात नाही.

मग आत वळून ठाणे-बेलापूर रोड धरावा लागतो. कंपन्यांचा पट्टा, रविवार असूनही ट्रेलर आणि डंपर. कडेला रेती आणि काचा. रबाळे ओलांडलं, ऐरोली ओलांडलं, दिघ्याच्या पुढे मागचं चाक बसलं. दिघा नवी मुंबई महापालिकेत, विटावा ठाणे महापालिकेत. तिथे हद्दीची खूण शोधायला पाटी लागत नाही, सायकलवाल्याला कंबरेतून कळतं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचा रस्ता तर अरुंद. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबतं, तेव्हा जून ते सप्टेंबर हा विचारच सोडा.

विटाव्याहून ठाण्यातल्या तलावपाळीपर्यंत टेम्पोवाल्याने चारशे रुपये घेतले. जेमतेम चार किलोमीटर! मी अडीचशे म्हणालो, तो हसला, मीही पंक्चर चाकाकडे बघून गप्प बसलो. भाव सायकल चढवण्याआधी ठरवा.

राग टेम्पोवाल्यावर कमी, त्या रेघेवर जास्त आहे. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेलं. खाडी एकच, पण तिच्या काठाची उद्यानं आपापल्या हद्दीत सुरू होऊन हद्दीतच संपतात. नवीन बाग पुष्कळ झाली, आता आधी दिघा-विटावा हा तुकडा जोडा. कांदळवनात भराव नको. रस्त्याच्याच कडेला कठड्याने वेगळी केलेली सायकलची पट्टी चालेल. त्यासाठी दोन्ही महापालिकांचे नकाशे एकाच टेबलावर यायला हवेत. दोन्ही शहरं एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात येतात, तेव्हा टेबल तरी तयार आहे.

तोवर माझं ऐका: सहाच्या आत निघा, घणसोलीला चहा घ्या आणि त्याच रस्त्याने परत फिरा. ठाण्याला जायचंच असेल तर सायकल घरी ठेवून ट्रान्स-हार्बर लोकल पकडा. पुढे गेलातच तर मागे लाल दिवा, तोंडाला रुमाल आणि पंक्चर किट. माझं किट घरी होतं, नकाशात रस्ता फार गुळगुळीत दिसत होता.