शंभरीपर्यंत गप्प राहिलेले हॅरी पॅच

हॅरी पॅच यांच्याबद्दल फार दिवस लिहायचं होतं. पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेल्यांपैकी माहीत असलेला शेवटचा सैनिक, २५ जुलै २००९ ला इंग्लंडमधल्या वेल्स नावाच्या गावात (वेल्स देश नव्हे) एका वृद्धाश्रमात गेले, वय १११. पण मला त्यांच्या वयापेक्षा ते ऐंशी वर्षं गप्प राहिले आणि मग जे बोलले, त्याचं जास्त वाटतं.

मुळात हा माणूस प्लंबर. बाथजवळच्या कोम्ब डाउन गावचा, जन्म १७ जून १८९८. सैन्यात जायची हौस अजिबात नव्हती, सक्तीची भरती आली म्हणून गेले, आणि १९१७ ला बेल्जियममध्ये पासेंडेलच्या लढाईत, तिथल्या त्या चिखलात पोचले. लुईस गन या मशीनगनवर पाच जणांची टीम होती आणि त्या पोरांनी आपापसात ठरवलेलं की शक्य असेल तोवर कुणाला जिवे मारायचं नाही, पायावर गोळी घालायची. एक जर्मन संगीन घेऊन थेट अंगावर आला तेव्हाही पॅचनी आधी खांद्यावर, मग पायावर गोळ्या झाडल्या, छातीवर नाही. मग २२ सप्टेंबरची रात्र. आघाडीवरून मागे परतताना तोफगोळा फुटला, पाचातले तिघं जागीच गेले, आणि पॅच यांच्या पोटात घुसलेला धातूचा तुकडा भूल न देता काढला, चार जणांनी धरून ठेवलं होतं.

नंतर घरी आले, लग्न केलं, पुन्हा प्लंबिंग सुरू. दुसऱ्या महायुद्धात बाथवर बॉम्ब पडले तेव्हा आगी विझवायलाही गेले. पण खंदकाबद्दल चकार शब्द नाही, बायकोलासुद्धा नाही. पहिली बायको १९७६ ला गेली, म्हणजे इतका मोठा संसार झाला आणि त्या बाईला नवऱ्याच्या पोटावरच्या जखमेची गोष्ट माहीतच नव्हती! दोन्ही मुलगेही त्यांच्या आधी गेले.

वृद्धाश्रमात त्यांच्या खोलीसमोर चादरी ठेवायचं कपाट होतं, रात्री कुणी तिथला दिवा लावला की अर्धवट झोपेत त्यांना तो गोळा फुटल्याचा उजेड वाटायचा. शंभरीच्या आसपास! मी हे वाचलं तेव्हा पुढे वाचवेना.

१९९८ मध्ये, शंभराव्या वर्षी, टीव्हीवाले विचारायला आले तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. आणि एकदा बोलायला लागल्यावर कुणाची भीडभाड ठेवली नाही. ११ नोव्हेंबरचा सरकारी स्मरणदिन त्यांना निव्वळ शो बिझनेस वाटायचा, त्यांचा दिवस २२ सप्टेंबर, त्या तिघांचा. २००४ मध्ये ते शार्ल कुंट्झ यांना भेटले, तेही पासेंडेललाच होते पण जर्मन बाजूने, वय १०७. पॅचनी आपल्या सॉमरसेट भागातली सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू दिली, कुंट्झनी आपल्या अल्सास प्रांतातली बिस्किटं. आत्मचरित्राचे पैसे आले ते समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या संस्थेला दिले, त्यातून एक लाइफबोट झाली.

आमचे एक चुलत आजोबा ७१ च्या लढाईत होते. पाहुणे आले की हमखास कुणीतरी विचारायचं, "आण्णा, किती मारले हो?" आणि आण्णा उठून गोठ्याकडे जायचे. आम्हा पोरांना वाटायचं म्हाताऱ्याला भाव खायचाय. पॅच यांचं वाचल्यापासून मला तो प्रश्न ऐकवत नाही, कुणी सैनिकाला विचारला की मी सरळ थांबवते.

पॅच यांची अंत्ययात्रा ६ ऑगस्ट २००९ ला वेल्सच्या कॅथेड्रलकडे, तिथल्या मोठ्या चर्चकडे निघाली, रस्त्यावर हजारो लोक. त्यांना सरकारी इतमाम नको होता आणि अट एकच होती, कुणाकडे हत्यार नको, शोभेचंसुद्धा नाही. ब्रिटिश सैनिकांनी शवपेटी उचलली आणि सोबत बेल्जियमचे दोन, फ्रान्सचे दोन, जर्मनीचे दोन सैनिक चालले. शिपायाच्या अंत्ययात्रेला एकही बंदूक नाही, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं, आणि माझ्या मते शौर्यपदकापेक्षा हे अवघड आहे. दफन मात्र आईवडिलांशेजारी, मंक्टन कोम्बच्या चर्चच्या आवारात.

आता आपल्याकडचं. साताऱ्याजवळ अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथल्या ४६ जणांनी त्याच महायुद्धात जीव दिला, गावात त्याची शिळा आहे. मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, कुत गावाला तुर्कांनी वेढा घातला तेव्हा आत ब्रिटिश फौजेतल्या मराठा पलटणी होत्या, उपासमार काढली, २९ एप्रिल १९१६ ला त्यांना शरण जावं लागलं आणि कितीतरी जण पुढे कैदेतच मेले. जे परत आले ते आपापल्या गावी शेती करत म्हातारे झाले असणार, त्यांनाही रात्री कंदील पेटला की काहीतरी दिसत असणार. पॅच यांना शंभराव्या वर्षी का होईना कुणीतरी खुर्ची ओढून समोर बसलं आणि विचारलं. आपल्या त्या म्हाताऱ्यांना पेन्शनच्या अंगठ्यासाठी तेवढं बोलावलं, बाकी काय झालं तिकडे हे कुणी लिहून घेतलं नाही, आणि याचा मला अजूनही फार राग येतो.