काटेरी हलवा घरी करताना: चार दिवस, एक परात

घरच्या जुन्या वहीत हलव्याची कृती एका ओळीत उरकली आहे: तीळ छटाक, साखर अर्धा शेर, निखारे मंद, काटा येईपर्यंत. 80 तोळ्यांचा शेर धरला तर छटाक म्हणजे 58 ग्रॅम आणि अर्धा शेर म्हणजे 466 ग्रॅम, म्हणजे तिळाच्या आठपट साखर. मी 50 ग्रॅम तीळ आणि 400 ग्रॅम साखर घेते. प्रमाण तेच राहतं आणि एका परातीला एवढं पुरे होतं. वहीत नाहीत त्या दोनच गोष्टी, परात किती तापवायची आणि पाक एका वेळी किती घालायचा. हलवा बिघडतो तो नेमका तिथेच.

तीळ पॉलिशचे, पांढरे घ्यायचे. निवडून, चाळून कढईत नुसते गरम करायचे. रंग बदलेपर्यंत भाजले तर तेल सुटतं, मग पाक दाण्याला धरत नाही आणि हलव्याला पिवळट झाक येते.

पाकासाठी 400 ग्रॅम साखरेला 200 मिली पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, वर करडी मळी येते ती काढून पाक फडक्यातून गाळायचा. एकतारीच्या जरा अलीकडेच थांबते. साधारण 20 अंशाला 100 ग्रॅम पाण्यात 200 ग्रॅमच्या आसपास साखर मावते, म्हणजे हा पाक गार झाल्यावर भरल्या पोटाचा असतो. याहून पातळ पाक परातीत पडला की आधी आलेला काटाच विरघळवून टाकतो, आणि कालची मेहनत पाच मिनिटांत गुळगुळीत होते. उलट पाक पुढे गेला तर भांड्यातच त्याची साखर होते. तसं झालं तर दोन चमचे पाणी घालून पुन्हा एक उकळी द्यायची. भांड्याच्या कडेला सुकलेली साखर ओल्या फडक्यानं पुसत राहावी, तिचा एक कण आत पडला तरी सगळा पाक जमतो. लाडवांच्या पाकात लिंबू पिळायची सवय असेल तर इथे हात आवरा. आंबटपणामुळे साखरेचे स्फटिक व्हायला अडथळा येतो, आणि इथे तर स्फटिकच हवेत. लिंबू पडलेला हलवा चिकटच राहतो.

पूर्वी शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून वर कल्हईची परात ठेवत. गॅसवर मी सगळ्यात लहान बर्नर, त्यावर जाड तवा आणि तव्यावर स्टीलची परात ठेवते. दोन मिनिटं गॅस चालू, मग पाच-सहा मिनिटं बंद. बोटं परातीच्या तळाला टेकवून निवांत ठेवता आली पाहिजेत, पटकन उचलावीशी वाटली तर परात जास्त तापली आहे. जास्त उष्णतेनं पाक दाण्यावर चढण्याआधीच वाळतो आणि त्याचा भुगा होतो.

पहिल्या दिवशी एका वेळी अर्धा चहाचा चमचा पाक, त्याहून थेंबभरही जास्त नाही. बोटांच्या टोकांनी गोल फिरवत राहायचं. दाणे आधी एकमेकांना चिकटतात, ते चिमटीत मोकळे करायचे, मग हळूहळू सुटतात आणि परातीत खडखड वाजायला लागतात. तो आवाज आल्याशिवाय पुढचा चमचा घालायचा नाही. शेजारी ओलं फडकं हवंच, बोटांवर जमलेली साखर सारखी पुसावी लागते. आठ-दहा वेळा पाक घातला की चाळणीनं भुगा काढून टाकायचा. भुगा राहिला तर नवा पाक तोच पितो आणि तिळाला काही मिळत नाही. काढलेला भुगा पाण्यात विरघळवून उकळला की पुढच्या पाकात चालतो, वाया काही जात नाही.

दीड-दोन तास झाले की थांबायचं, परातीवर मलमल टाकून रात्रभर तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तिळाचा रंग झाकला जातो, पण दाणा अजून गोलच दिसतो. इथेच बरेच जण धीर सोडून पाक एकदम वाढवतात आणि गोळे होतात. काटा साधारण तिसऱ्या दिवशी डोकावतो. दाण्यावरचा जो उंचवटा पाकाला आधी भेटतो त्यावर साखर बसत जाते, उंचवटा आणखी उंच होतो. म्हणून आता चमचा पूर्ण भरला तरी चालतो, पण हात हलका हवा. पहिल्या दिवसासारखं रगडत फिरवलं तर टोकं झिजतात. चार दिवसांत शंभरावर वेळा पाक पडतो, मोजायची गरज नाही.

हवा कोरडी आणि गार हवी. ढगाळ दिवशी काटा येतच नाही. कुकरच्या शिट्ट्या चालू असलेल्या स्वयंपाकघरातही तीच गत, म्हणून मी दुपारी सगळं आवरल्यावर बसते. मुंबईच्या दमट हवेत दिवस एखाद-दोन जास्त धरावेत. गंमत म्हणजे जपानमधली कोम्पेइतो ही काटेरी साखरगोळी अशीच, तापल्या भांड्यात पाक चढवत करतात, आणि तिचं नाव पोर्तुगीज भाषेतून आलेलं आहे.

केशर किंवा रंग घालायचा तर शेवटच्या दिवसाच्या पाकात, आधी घातला तर डाग पडतात. दागिन्यांसाठी खसखस, साबुदाणा, मगज, लवंग यांवरही असाच पाक चढवतात. लवंगेचा हलवा मंगळसूत्राच्या वाट्यांजवळ फार छान दिसतो. दागिन्यांचा हलवा ओवायच्या आधी एक दिवस उघडा वाळवा, नाहीतर दोऱ्याची गाठ मारताना काटे चुरतात. बाकीचा काचेच्या कोरड्या बरणीत, फ्रिजबाहेर. 14 जानेवारीला लागणारा हलवा मी 8 तारखेला सुरू करते, मध्ये एखादा दिवस आभाळ आलं तरी हाताशी वेळ राहतो.