भाच्याच्या बोरन्हाणासाठी घरी केलेला काटेरी हलवा

हलव्याला काटा यायचा तर कोरडी थंडी हवी. ठाण्याच्या दमट हवेत पाक लवकर सुकत नाही, म्हणून डिसेंबरअखेर रजा टाकून मुलीला घेऊन नाशिकला माहेरी गेले. भाच्याची पहिली संक्रांत होती. त्याच्या बोरन्हाणाचे दागिने विकत न आणता अगदी हलव्यापासून स्वतः करायचे, असं मी दिवाळीतच ठरवलं होतं. मी चित्रकला शिकलेली. नोकरी लागली, संसार वाढला आणि कागद-रंग माळ्यावर गेले. या वर्षी हातून काहीतरी घडायलाच हवं होतं.

पहाटे आईनं पितळी परात काढली. साखर बुडेल इतकंच पाणी घालून पाक उकळायला ठेवला, त्यात चमचाभर दूध सोडलं. मळी वर आली ती काढून पाक गाळून घेतला. एकतारीच्या जरा अलीकडे थांबायचं. परातीत मूठभर भाजलेले पांढरे तीळ, खाली अगदी मंद आच. मग चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचे. सगळे कोरडे झाले की पुढचा चमचा. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की हलवा पिवळट पडतो.

पहिल्या दिवशी तिळावर नुसता पांढरा लेप दिसतो. काटा यायला पुढे कितीतरी सकाळी जाव्या लागतात. एकदा तो दिसायला लागला की हात हलका करावा लागतो, नाहीतर मोडतो. आई म्हणाली, "अगं, दाबू नकोस, नुसतं गोंजार." त्या दिवशी एक दाणा उजेडात धरून पाहिला. चहूबाजूंनी बारीक टोकं निघालेली, प्रत्येक वेगळं. कॉलेजात तासन्‌तास स्केच करताना जसं हरखून जायचे, तसंच वाटलं.

आपलं काम करायचं तर घर रिकामं हवं, दार बंद हवं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. इथे परात सोडून उठता येत नाही आणि दोन चमच्यांच्या मधे भरपूर वेळ असतो. त्या वेळात आई बोलत राहिली. आजी शेगडीवरच्या निखाऱ्यांवर हलवा करायची, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आईला काळ्या चंद्रकळेवर तिनंच दागिने घातले होते, हे मला आत्ता कळलं. आईशी इतकं निवांत बोलणं लग्नानंतर झालंच नव्हतं. बाबा शेजारी खुर्ची टाकून मटार सोलत बसायचे.

दागिने मात्र दुपारी, सगळ्यांनी मिळून. हलव्याचा दाणा ओवता येत नाही, दोऱ्याच्या फासात धरून गाठ आवळावी लागते. मुलीची बोटं त्यात माझ्याहून चपळ निघाली. वहिनीनं पुठ्ठ्याचा मुकुट कापला. बाजूबंद, कमरपट्टा, हार आणि बासरी यांची चित्रं मी आधी पेन्सिलीनं काढली. इतक्या वर्षांनी काढलेल्या रेघा होत्या त्या, आणि सरळ आल्या याचा मला फार आनंद झाला. मुकुटावर लाल मणी की हिरवे, यावर दादासकट सगळ्यांची चर्चा झाली, हिरवे ठरले.

रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी बोरन्हाण झालं. काळं झबलं, त्यावर दागिने. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे पडले आणि आळीतली मुलं वेचायला धावली. बाळानं लगेच बासरीचं टोक चाटायला घेतलं.

पुढच्या वर्षी चुलतबहिणीची लग्नानंतरची पहिली संक्रांत आहे. तिच्यासाठी खसखशीचा बारीक हलवा करायचा आहे, नथीसाठी आणि तन्मण्यासाठी. तन्मण्याचं चित्र काढून झालंय. डिसेंबरची रजाही मी आत्ताच मागून ठेवली आहे.